मिलुंकाच्या डोक्यातला जोड

मित्रांनो, मी एक जुनी सफाईवाली पेशी आहे. राहणार लेस्कोवात्स शहरातल्या मिलुंकाच्या मेंदूत. शास्त्रज्ञ मला मायक्रोग्लिया म्हणतात. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते.

मिलुंका तान्ही होती तेव्हा तिच्या चेतापेशींनी एकमेकींशी भारंभार जोड जुळवले होते. जो जोड वापरात नसे, त्याच्यावर एक चिठ्ठी लागे. चिठ्ठी दिसली की खायचं, विचारत बसायचं नाही, ही आमची रीत. मी खात गेले आणि पोर सुधारत गेली. बोबडे शब्द स्पष्ट झाले, चमचा सरळ तोंडात जाऊ लागला. "हिचं डोकं कसं लख्ख आहे," असं तिची आई शेजारणींना सांगायची. ते कौतुक मी माझंच समजले.

सत्तरीनंतर मेंदूत चिकट कचरा साचू लागला. तो उपसताना मी दमले, चिडले. चिठ्ठ्या आता चांगल्या जोडांवरही लागत होत्या. मला ते दिसत होतं. एकदा तरी थांबायला हवं होतं. पण रीत म्हणजे रीत. मी खाल्लं.

गेल्या सप्टेंबरात मिलुंका आणि तिची धाकटी जाऊ विदा अंगणात आयवार ढवळत होत्या. भाजलेल्या लाल मिरच्यांची ही चटणी त्या दरवर्षी एकाच कढईत करतात आणि त्यावरून भांडतात. मिलुंकाने तिसऱ्यांदा मीठ टाकलं.

"जाऊबाई, मिठाची खाण लागलीय का तुम्हाला?" विदा म्हणाली.

मिलुंका तिच्याकडे बघत राहिली. "तुम्ही कुणाकडच्या, बाई?"

विदाचा हात थांबला. "तुमच्याच घरची. बावन्न वर्षं भांडतेय तुमच्याशी."

"अगं बाई, चुकलंच माझं," मिलुंका ओशाळली. "रागावू नका हं. हल्ली मला काही सुधरत नाही."

विदाचा चेहरा आणि विदाचं नाव यांच्यामधला जोड मी त्याच आठवड्यात खाल्ला होता. चांगला रोजच्या वापरातला होता. केलं मी, आणि माफी तिने मागितली.

आता विदा रोज सकाळी दारातूनच सांगते, "मी विदा, तुमची धाकटी जाऊ. भांडायला आलेय."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं विसरत असेल, तर "ओळखा पाहू मी कोण?" असं विचारू नका. आपलं नाव आपणच सांगा, रोज सांगा. त्या माणसावर माफी मागायची वेळ आणू नका. ती मी मागायला हवी, आणि मला तोंड आहे ते फक्त खायला.