इवाओदादांच्या हाती गाडी

कुवाबाराच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकायला आता फारसं कुणी येत नसे. शिमाने प्रांताच्या त्या डोंगराळ भागात तरुण उरलेच नव्हते. येत ते म्हातारे, परवाना टिकवण्याची परीक्षा द्यायला.

गावातल्या म्हाताऱ्या फुमिएवहिनींनी मध्यंतरी सिग्नल तोडला होता, म्हणून त्यांना परीक्षा होती. मुदत संपत आलेली, ही शेवटचीच संधी. मैदानात एक बुटकी पायरी असते. तिच्यावर चाक चढलं की लगेच ब्रेक लावायचा. वहिनींनी ॲक्सिलरेटर दाबला. कुवाबाराने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला नसता, तर गाडी भिंतीवरच गेली असती.

त्याने नापास केलं. वहिनींनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की आता यांना डायलिसिसला कोण नेणार? इस्पितळ घाटापलीकडे. चालक मिळेना म्हणून बस बंद झालेली, मुलगी ओसाकाला. कुवाबाराने चार ठिकाणी फोन केले. गावातल्या टॅक्सीवाल्यानेही वयामुळे गाडी सोडली होती.

पुढच्याच आठवड्यात गावच्या सिग्नलला कुवाबाराला वहिनींची पांढरी गाडी दिसली. स्टिअरिंगवर खुद्द वहिनींचे यजमान, इवाओदादा, जाड भिंगांचा चष्मा काचेला जवळजवळ टेकवून. त्यांचा परवाना अजून वर्षभर चालणार होता. कधी गुन्हा नाही, त्यामुळे परीक्षाही नाही.

कुवाबारा आपल्या गाडीतून उतरून त्यांच्या खिडकीशी गेला.

"दादा, नीट दिसतं का तुम्हाला?"

"हिला दिसतं की. डोळे हिचे, पाय माझे. दोघांना मिळून एक परवाना दे."

वहिनी हसल्या नाहीत. "लाल आहे अजून, थांबा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"आज मी सोडतो तुम्हाला," कुवाबारा म्हणाला.

"आज सोडशील. परवा?" दादांनी विचारलं.

हिरवा लागला, वहिनींनी सांगितलं, गाडी निघाली. कुवाबारा आपल्या गाडीचे धोक्याचे दिवे लावून घाटभर त्यांच्या मागे राहिला. प्रत्येक वळणावर दादांचा ब्रेक उशिरा लागत होता आणि प्रत्येक वळणावर मागे कुवाबाराचाच पाय आपोआप ब्रेक दाबत होता.

इस्पितळाच्या दारात वहिनींनी हळूच सांगितलं, परतताना यांचे हात थरथरतात. कुवाबाराने घड्याळ पाहिलं. दुपारी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परीक्षा होत्या.

"जा तुम्ही," वहिनी त्याला म्हणाल्या. "थांबून तरी काय करणार?"

तो गेला.