कॉलरवरची रेघ

ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी जर्मन पोलिसांचं नवं पत्रक लागलं होतं आणि त्यावर रोझेटच्या फरारी भावाचा, नाथानचा, फोटो होता. त्याच्या कॉलरवरची बारीक पांढरी रेघ तिने लगेच ओळखली. खोट्या ओळखपत्रासाठी हा फोटो तिनेच काढला होता. छापताना निगेटिव्हवर केस राहिला आणि ती रेघ उमटली. ती खराब प्रत तिने जर्मनांविरुद्ध लपून काम करणाऱ्या त्यांच्या गटातल्या खेरिटकडे जाळायला दिली होती; ओळखपत्रावर दुसरी, स्वच्छ प्रत लागली.

दुपारी खेरिटच तिच्या माळ्यावर आला. गटातल्या सगळ्यांसारखं त्यालाही नवं ओळखपत्र हवं होतं.

"आटप गं बाई. आणि हनुवटीवरचा व्रण तेवढा पुसून टाक, पोरी भाळतील."

"नाथानचा तो खराब फोटो जाळलास ना?"

"म्हणजे काय! त्याच्यावरच सिगारेट पेटवली." तो हसला.

"बरं. मान वळव, कान दिसू दे."

तिने सावकाश फोकस जुळवला. व्रण मात्र ती पुसणार नव्हती. संध्याकाळपर्यंत हा चेहरा गटातल्या प्रत्येक घरी पोचवायचा होता, याला दार उघडू नका म्हणून.