डावीकडची सीट

यारमिलाने क्लच सोडला आणि गाडी हिसका देऊन पुन्हा बंद पडली. समोर मेंढरं, मागे मेंढरं, दोन्ही बाजूंनी मेंढरं. एक मेंढी तर आरशाला डोकं घासत उभी होती.

विष्णुपंतांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर रुतला होता. कवठे महांकाळहून निघाल्यापासून तो तिथेच होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला. सुनेच्या लक्षात आलं नसावं, असं त्यांना वाटलं. पण आलं असावं.

"सॉरी, बाबा."

"छे, छे. मेंढरांना तरी कुठे घाई आहे?"

मागून मोटारसायकलींचे हॉर्न सुरू झाले. विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

पुष्करशी लग्न करून यारमिला चेक देशातल्या ब्र्नोहून सांगलीत आली. तिकडे ट्रामने सगळीकडे जाता यायचं, त्यामुळे गाडी शिकायची वेळच आली नव्हती. मराठी तिला विष्णुपंतांनी शिकवली, तेही कपाटातली पुस्तकं काढून. म्हणून ती भाजीवालीलासुद्धा 'आपण' म्हणायची. गाडीच्या बाबतीत मात्र त्यांचा काही उपयोग नव्हता. सायकलीपलीकडे त्यांनी काही चालवलं नव्हतं, आणि सायकलही उतारावर ते हातात धरून नेत.

उद्यापासून तिला कराडच्या कॉलेजात जर्मन शिकवायला जायचं होतं. पुष्करची अट होती. आज कवठे महांकाळला आत्याकडे जाऊन यायचं. येता-जाता गाडी तिनेच चालवायची. वाटेत दुसऱ्या कुणी स्टिअरिंगला हात लावला, तर उद्यापासून ड्रायव्हर.

"आणि बाबा, तुम्ही खरं सांगायचं," तो म्हणाला होता.

"ड्रायव्हर असेल तर मी कराडला जाणारच नाही," यारमिला शांतपणे म्हणाली होती. "इथे मी भाजीला निघाले तरी कुणीतरी सोबत येतं. मी या घरात पाहुणी आहे का?"

त्यावर बापलेकांनी एकदमच भाताला हात घातला होता.

"आवं बाई, थांबलासा कशाला?" खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगर काठी उंचावत आला. "गाडी चालूच ठिवायची बगा! हळूहळू. मेंढरं आपसूक बाजूला व्हत्यात. थांबली की सावलीला बसत्यात, मग उठायचं नाव न्हाई."

"क्षमा करा," यारमिला म्हणाली. "आपली मेंढरं चाकाखाली येतील, अशी मला भीती वाटली."

धनगर तिच्याकडे बघतच राहिला. मग मागे वळून ओरडला, "राणे, ऐकलंस का? बाई पोथी वाचल्यावानी बोलती!"

मेंढरांच्या पलीकडून धनगरणीचं हसू ऐकू आलं. यारमिलाही हसली, पण तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला वाट काढत विष्णुपंतांच्या खिडकीशी आला. शर्टावर कुपवाडच्या कुठल्याशा वर्कशॉपचं नाव होतं.

"आजोबा, बाईंना उतरवा की खाली. मी काढून देतो गाडी. ड्युटीला उशीर हुतोय आमाला."

तो यारमिलाकडे बघतही नव्हता. विष्णुपंतांच्या तोंडी 'बरं' आलंच होतं. आयुष्यभर समोरच्याला तेच सांगून त्यांनी वेळ भागवली होती. शिवाय दोन मिनिटांचा प्रश्न होता, आणि पुष्करला कुणी सांगायला गेलं नसतं.

यारमिलाने स्टिअरिंग सोडलं नाही. समोरच बघत राहिली.

"नको," विष्णुपंत म्हणाले. आवाज चिरका निघाला, म्हणून त्यांनी घसा खाकरला. "गाडी त्यांची आहे. त्याच काढतील."

"मग काडा की लौकर!"

"बाबा," यारमिला म्हणाली, "खाली कोकरू नाही ना, एवढं बघाल?"

विष्णुपंत उतरले. गुडघे टेकून, धोतर धुळीत घालून त्यांनी गाडीखाली पाहिलं. मागच्या चाकाला टेकून खरंच एक कोकरू बसलं होतं. धनगराने ते पायाला धरून ओढलं आणि काखेत मारलं.

"झालं. आता चल!" विष्णुपंतांनी धोतर झटकत सांगितलं.

इंजिन सुरू झालं. गाडी थरथरली, पण बंद पडली नाही. ती इतकी हळू पुढे सरकली, की आरशाशी उभी असलेली मेंढी दोन पावलं सोबतच चालली आणि मग बाजूला झाली. तिच्यामागे दुसरी झाली. कळप मधोमध उकलत गेला.

विष्णुपंत दाराबरोबर चालत होते. हात दाराच्या कडीवर होता. यारमिलाने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा पाय ब्रेककडे चालला असावा, कारण गाडी अडखळली.

"थांबू नकोस!" विष्णुपंत ओरडले. एवढ्या मोठ्याने ते कधी ओरडल्याचं त्यांनाच आठवेना. "जा! जा तू!"

त्यांनी कडी सोडली. गाडी शेवटच्या मेंढीच्या पुढे गेली, दुसरा गिअर पडल्याचा आवाज आला, मग तिसरा. धूळ खाली बसली तेव्हा ती वळणापलीकडे गेली होती.

"आजोबा," मोटारसायकलवाला म्हणाला, "सून गेली की हो तुमाला टाकून!"

"हो," विष्णुपंत म्हणाले. त्यांना हसू आवरेना. "गेली खरी."

"बसा मागं. गाठून देतो."

विष्णुपंत मोटारसायकलवर कधी बसले नव्हते. त्यांनी धोतर आवरलं, सयाजी असं नाव सांगणाऱ्या त्या पोराच्या खांद्याला घट्ट धरलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. उसाचा ट्रॅक्टर, माणसं कोंबलेली वडापची जीप, उलट्या बाजूने येणारा टेंपो, सगळं अंगावर येत होतं आणि बाजूने निघून जात होतं. पुढे लांबवर ती पांढरी गाडी दिसली.

"टाकू का म्होरं?" सयाजीने विचारलं.

"नको, नको. मागंच राहू द्या."

मिरजेत शिरताना लाल दिवा लागला. त्या चौकात पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबलेली गाडी एकच होती. सयाजीने मोटारसायकल तिच्या डाव्या बाजूला लावली. यारमिलाने त्या बाजूची काच खाली केली. तिचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते.

"बाबा! मी थांबणार होते, खरंच. पण पाय ऐकेना." तिने वाकून डावीकडचं दार उघडलं. "या ना."

विष्णुपंतांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग हात लांब करून दार नीट लावून टाकलं.

"पुष्करने विचारलं तर काय सांगू?" ती म्हणाली.

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न एकदम सुरू झाले.

"सांग, बाबा मागून येतायत."