फ्रिजवरची होडी

शिडाचं टोक उडालेली ती होडी... बोटाने वर सरकवली की हळूहळू पुन्हा खाली घसरणारी, अंगठ्याएवढी, निळी, पाठीला चुंबक चिकटवलेली – चुंबक तरी कसलं, फ्रिजचं दार जरा जोरात लावलं की जमिनीवर. शीड असंच एकदा पडून मोडलं. टाकून द्यायची किती वेळा मनात आलं, पण नाही टाकली. काही वस्तू जपायच्या असतात त्या प्रेमाने नव्हे. दूध आत ठेवताना, भाजी काढताना, रोज दिसली पाहिजे, रोज टोचली पाहिजे... तिने ती पुन्हा वर सरकवली आणि ओल्या हाताने धरून ठेवली.

‘ही घे गं, तुझ्यासाठी खास!’ थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात चाचपून, शेजारणीसाठी आणलेली अत्तराची बाटली काढून झाल्यावर, सगळ्यांचं सगळं वाटून झाल्यावर. खास! आणि ती तशीच उभी, एका खांद्यावर तीन महिन्यांची ठकी, दुसऱ्या हाताला जाऊबाईंचा ढब्बू लोंबकळलेला. घरची सगळी परदेशात जाऊन आली होती – सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, आणि हो, तिचा नवरासुद्धा. तिकिटं आधीच काढली होती म्हणे. ‘तू बाळंतीण, तुला कुठे दगदग,’ हे सासूबाईंचं. ‘आणि ढब्बूला गाडी लागते गं, सारखा ओकतो, आम्हाला काही बघू द्यायचा नाही. तू घरी आहेसच. एकाला सांभाळतेस तिथे दोन!’ हे जाऊबाईंचं, हसत हसत, केसांना क्लिप लावता लावता. नवरा काय म्हणाला? नवरा बुटाची नाडी बांधत होता. तेवढा वेळ कोणी नाडी बांधतं का?

बोलली नाही ती. तेव्हाही नाही, नंतरही नाही. भांडणारी माणसं मूर्ख असतात, भांडून राग खर्चून टाकतात. तिने तो राखला, मुरवला, आणि चार वर्षांनी परवा जाऊबाईंचा फोन आला. ‘अगं, या वेळी सगळेच जाऊ या, मुलांना घेऊन. मला त्या हॉटेल-बिटेलाचं काही कळत नाही बाई. तुला वॉर्डात ड्यूट्या लावायची सवय आहे, तूच ठरव सगळं.’ मी ठरवू? बरं. मी ठरवते.

वॉर्डात ती इन्चार्ज सिस्टर होती. टेबलामागे पत्र्याचा बोर्ड, बोर्डावर पाळ्यांचे रकाने, आणि दर सिस्टरचं नाव चिकटवलेलं एकेक चुंबक, ते उचलायचं, दुसरीकडे ठेवायचं. त्या बोर्डाने तिला एक गोष्ट शिकवली होती... माणसाला शब्दाने दुखवलं तर ते तक्रार करतं, ड्यूटीने दुखवलं तर नियम वाचत बसतं. मागे एकीने तिची वर चुगली केली होती. हिने तिला शब्दाने दुखवलं नाही. फक्त त्या सिस्टरच्या प्रत्येक सुट्टीच्या आदल्या दिवशी रात्रपाळी येऊ लागली – सगळं नियमाला धरून, कुणाची काय बिशाद बोलायची! शेवटी तीच पाय ओढत आली, डोळे लाल, ‘सिस्टर, माझं काही चुकलं का?’ ‘छे गं, तुझं काय चुकणार?’

आजही सकाळची ड्यूटी उरकून आल्या आल्या, चपलाही न काढता, ती फ्रिजसमोर उभी राहिली. ठकीचा फळाभाज्यांचा चुंबकांचा संच होता, तो हाताशीच. फ्रिजचं वरचं दार म्हणजे बेटावर जाणारी बोट, तिथे ती निळी होडी. खालचं दार म्हणजे हॉटेल. भाऊजी कलिंगड, पोटावरून. नवरा केळं, कायम वाकलेलं, कारण सांगायला नको. सासूबाई कांदा. ढब्बूला ढब्बू मिरची, ठकीला स्ट्रॉबेरी. सगळी वर, होडीभोवती. आणि लिंबू... लिंबू जाऊबाई. लिंबाशेजारी मटाराची शेंग, म्हणजे त्यांची तान्ही, चालायला लागलेली, सगळ्या गोष्टी तोंडात घालणारी. कितीतरी सहली होत्या, पण तिने शोधून शोधून हीच काढली होती: दिवसभराची, सगळ्यात देखणी, पाण्याचा तळ दिसणारी, आणि चार वर्षांखालच्या मुलांना सक्त मनाई असलेली. म्हणजे कुणीतरी मागे राहायला हवं. नियमच तसा! तिने लिंबू आणि शेंग खालच्या दारावर अगदी तळाशी लावली, आणि कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

संध्याकाळी जाऊबाई आल्या, एका काखेत तान्ही, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, मागे ढब्बू. थकलेल्या दिसत होत्या. डोळ्यांखाली काळं. दिसू देत.

“हा बेत,” तिने फ्रिजकडे बोट केलं आणि एकेक समजावून सांगितलं, आवाज वॉर्डातला, सपाट. वाक्य मात्र तिने चार वर्षं घासून ठेवलं होतं. “लहान मूल घेऊन तुम्हाला कुठे दगदग, ताई. तुम्ही हॉटेलात आहातच.”

ती वाट पाहू लागली. आता चेहरा पडेल, आता ओठ...

“अगं देव पावला!” जाऊबाई खुर्चीत बसल्याच. “बोट म्हटलं की मला पोटात ढवळतं. ही झोपली की मीही झोपेन. दुपारची झोप म्हणजे काय ते विसरलेय मी. किती गं विचार करतेस माझा!” आणि मग फ्रिजकडे वाकून, “ही होडी कुठून आणलीस? गोड आहे. जरा मोडलीय, पण गोड आहे.”

“...तुम्हीच दिलीत.”

“मी? कधी?” क्षणभर आठवल्यासारखं केलं, मग तान्हीने तोंडात घातलेलं काहीतरी बोट घालून काढलं आणि तिला धुवायला बेसिनकडे घेऊन गेल्या.

कधी! चार वर्षं मी ही होडी रोज वर सरकवतेय, आणि हिला कधी? मारणाऱ्याला फटका आठवत नाही म्हणतात ते खरं, पण निदान हात तरी आठवावा! अपमान केलात तर तो लक्षात ठेवायची तरी तसदी घ्या ना... कानशिलं तापली. दुसरी सहल शोधते. याहून वाईट. डोंगर, पायऱ्या, जिथे बाळाची गाडी ढकलता येणार नाही...

“काकू, यात मी कोण?”

ढब्बू फ्रिजला नाक लावून उभा होता. तिने मिरची दाखवली. तो खूश झाला. मग बोट ठेवून एकेक विचारत गेला, बाबा, काका, आजी, ठकी, आई, तान्ही.

“आणि तू?”

“मी काय?”

“तू कोणतं?”

तिने वर पाहिलं. खाली पाहिलं. संचाचा डबा उचलून हलवला, रिकामा. वॉर्डाच्या बोर्डावर इन्चार्जचं चुंबक नसतं – जिथे भोक पडेल तिथे तिने उभं राहायचं – त्या सवयीने, त्याच सवयीने... वर होडीभोवती सगळी दाटीवाटीने बसलेली, खाली लिंबू आणि शेंग गाढ झोपेच्या तयारीत, आणि ती कुठेच नाही. बेटावर नाही, हॉटेलात नाही, विमानात तरी होती का?

“या वेळी पण तू नाही येणार?” ढब्बूने विचारलं. “मागच्या वेळी तू इथेच बसून रडत होतीस. मी तुला पाणी आणलं होतं. सांडलं होतं.”

आणलं होतं. पेला कलता धरून, दोन्ही हातांनी. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं... ज्याला आठवायला हवं होतं तिला नाही, याला आठवतंय. आणि यालाही मी दिवसभर याच्या आईशिवाय त्या बेटावर धाडणार होते.

“येणार आहे रे,” ती म्हणाली. आवाज वॉर्डातला निघाला नाही.

जाऊबाईंनी मला वगळलं ते एकदाच, हसत, क्लिप लावता लावता, आणि विसरूनही गेल्या. मग पुढे इतकी वर्षं, न चुकता, रोज... कुणी? ती त्या प्रश्नापाशी थांबली, नर्स जखमेपाशी थांबते तशी, उघडायची की पट्टी राहू द्यायची. राग होता, तसाच होता, चांगला कढत. फक्त त्याला धाडायचा पत्ता सापडेना.

“मग तुला लाव ना,” ढब्बू म्हणाला.

बेसिनचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. जाऊबाई आता बाहेर येतील. तिने लिंबाकडे पाहिलं. लिंबाला हात लावला नाही. वरच्या दारावर मिरची आणि स्ट्रॉबेरीच्या मधली जागा बोटाने जराशी मोकळी केली. पण तिथे ठेवायला हातात काहीच नव्हतं, आणि होडी पुन्हा घसरायला लागली होती.