घरी आलं की फोनचा आवाज जातो

छोट्या सहा फूट उंच होता आणि लोकांची आठवण काढण्याचा त्याला पगार मिळायचा. पाणी प्यायची आठवण करून देणाऱ्या एका ॲपच्या कंपनीत तो कामाला होता. एखाद्यानं ॲप उघडणं सोडलं की त्याच्या फोनवर जाणारे निरोप छोट्या लिहायचा. 'कुठे हरवलात? तुमच्याशिवाय करमत नाही,' हे वाक्य त्याचंच. ते लाखो लोकांना गेलं, आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली. आई गेल्यावर अण्णा, म्हणजे त्याचे वडील, त्याच्याकडे राहायला आले. त्यांना करमतं का, हे मात्र विचारायचं राहून गेलं. ऑफिसात काम खूप होतं.

अण्णांचे कान छापखान्यात गेले होते. उभं आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात काढल्यावर कान तरी काय करणार, अण्णांबरोबर त्यांनीही निवृत्ती घेतली. म्हणून एका शनिवारी छोट्यानं त्यांना कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं. दुकानातली बाई जीव तोडून समजावून सांगत होती, आणि छोट्या फोनवर व्हिडिओ बघत होता. एक कोंबडा आरशातल्या कोंबड्याशी भांडत होता. निकाल लागायचा होता.

"मशीनला फोन जोडायचाय. हाच जोडू ना?" बाईनं विचारलं.

"हो हो."

"म्हणजे या फोनचा सगळा आवाज थेट यांच्या कानात जाईल. चालेल?"

"हो हो," म्हणत छोट्यानं फोन तिच्या हातात दिला, तोही काळजावर दगड ठेवून.

अण्णांकडे बटणांचा फोन होता. त्याला कशालाही जोडायची सोय नव्हती, हे छोट्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मान वर करून बघणं वेगळं.

त्या दिवसापासून छोट्याच्या फोनला चमत्कारिक रोग जडला. ऑफिसात ठणठणीत असायचा, पण घरात पाऊल टाकलं की आवाज बसायचा. कोंबडे चोची उघडायचे, पण बांग नाही. छोट्यानं फोन झटकला, त्याच्या भोकात फुंकर मारली, बंद करून चालू केला. शेवटी फोन बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तो खालची अक्षरं वाचत व्हिडिओ बघायला लागला. पलीकडच्या खोलीत अण्णा मधूनच खुदकन हसायचे. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "त्या काळ्या कोंबड्याचं पुढे काय झालं रे?"

"कुठला कोंबडा?" फोनवरची नजर न काढता छोट्या म्हणाला. या वयात असं होतं, असं त्याला वाटलं.

मशीन लागल्यापासून अण्णांना कंठ फुटला होता. पंख्याचा आवाज, जिन्यातली पावलं, नळाचं गळणं, जे जे परत ऐकू आलं त्या प्रत्येकावर त्यांना काहीतरी सांगायचं असायचं. छोट्या 'हं' म्हणायचा. 'हं' म्हणून म्हणून त्याचा जबडा दुखायला लागला. एका संध्याकाळी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्यानं ताईला निरोप बोलून पाठवला: आता तू ने त्यांना, मला होत नाही. नुसतं एवढं म्हणून थांबला असता तर बरं झालं असतं. पण जिन्यात कोणी नव्हतं, आणि तो मोकळा झाला.

ताईचं उत्तर रविवारी दुपारी आलं. तिनंही बोलूनच पाठवलं होतं. छोट्या स्वयंपाकघरात होता, अण्णा बाहेर टेबलावर ताटं मांडत होते. छोट्यानं निरोप लावला. काही नाही. आवाज पूर्ण वाढवला, पुन्हा लावला. फोन कानाला चिकटवून पुन्हा लावला. बाहेर काहीतरी खणकन पडलं.

"काय पडलं, अण्णा?"

"चमचा," अण्णा म्हणाले.

'ऐकू येत नाही, लिहून पाठव,' असं ताईला कळवून छोट्यानं निरोप आणखी एकदा लावून पाहिला. माणसानं प्रयत्न सोडू नयेत.

तो बाहेर आला तेव्हा अण्णा दोन्ही कानांतली मशीनं काढून डबीत ठेवत होते. डबीचं झाकण त्यांनी टक् करून लावलं.

"अण्णा, मशीन?" छोट्यानं कानाकडे बोट केलं.

"राहू दे. काम झालं त्याचं."

छोट्यानं सवयीप्रमाणे फोन ताटाला टेकवून उभा केला आणि अंगठ्यानं निरोप दाबला. फोनचा रोग एकाएकी बरा झाला. ताईचा आवाज खोलीभर कडाडला.

"छोट्या, लाज वाटते का रे? 'तोंड उघडलं की थांबत नाहीत' म्हणे! 'सकाळी खाकरतात' म्हणे! अरे, बाप आहेत ते आपले, गजर नाहीत. आणि 'मशीन लावलं तेच चुकलं, बहिरे होते तेच बरं होतं,' हे तुझ्या जिभेवर आलं तरी कसं? मी नेते त्यांना. पण का, ते तू सांग. तुझ्या तोंडानं."

छोट्यानं फोनकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, मग अण्णांकडे. ते शांतपणे काकडी खात होते. दुकानातली बाई, तिचे दोन प्रश्न, आपले दोन 'हो हो', सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दुसऱ्या मजल्यावरचे मध्ये आले असते. अण्णा जावेत, असं त्याला आज सकाळपर्यंत वाटत होतं. आता ते गेले असते तर हे वाक्य कानात घेऊन गेले असते.

"अण्णा, चुकलो."

अण्णा चावत राहिले.

"अण्णा, मी चुकलो!"

"मोठ्यानं बोल. मशीन नाहीये."

"चुकलो मी!"

खालच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"काय म्हणतोस?"

"तुमच्याबद्दल नको ते बोललो! लाज वाटते मला!"

"अहो काका," खालून एक बाई ओरडली, "ऐकलं आम्ही सगळ्यांनी! करा आता माफ, बाळ झोपलंय!"

"थांबा हो," वरच्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, "आधी काय बोलला ते तरी कळू दे!"

अण्णांनी डबी उघडली. एक मशीन कानात घातलं, मग दुसरं. "आता हळू बोल," ते म्हणाले. "लोकांना कशाला त्रास."

"माझा फोन इतके दिवस तुमच्या कानात वाजत होता. तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तूच मुद्दाम ठेवलंयस तसं. म्हटलं, पोराला बोलायला वेळ नाही, निदान स्वतः ऐकतो ते बापालाही ऐकवतोय. सोबत म्हणून."

छोट्यानं पेला उचलला. तो रिकामा होता. तरी त्यानं तो तोंडाला लावला, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"ताईला जे सांगितलंस, ते मला सांग," अण्णा म्हणाले.

"अण्णा, नको ना."

"तिच्या तोंडून चार वेळा ऐकलं. तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे."

"तुम्ही... बोलायला लागलात की थांबत नाही."

"बरं. पुढे?"

"सकाळी खाकरता."

"खाकरतो. पुढे?"

"एवढंच."

"एक राहिलं."

जिन्यात ते वाक्य भुर्रकन निघून गेलं होतं. आता त्यातला एकेक शब्द गोणी उचलावी तसा उचलून टेबलावर ठेवावा लागला. मिठाच्या डबीकडे बघत छोट्यानं ते सबंध म्हटलं. अण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत.

"जाणार का तुम्ही ताईकडे?" छोट्यानं विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की मशीनलाही कष्ट पडले असतील.

"ते नंतर बघू. आता माझी पाळी." अण्णांनी ताट बाजूला सारलं. "पहिलं म्हणजे, तू जेवताना मचमच करतोस. कान नव्हते तेव्हा सुखी होतो मी."

"हो, अण्णा."

"मध्ये बोलू नकोस. दुसरं..."

अण्णा बोलत राहिले. दाराशी बूट कसे भिरकावतोस, आई आजारी होती तेव्हा फोनवर 'नंतर करतो' म्हणून किती वेळा ठेवून दिलास, सगळं आलं. छोट्याची मान खाली गेली ती वर आली नाही. जेवण गार झालं. मध्येच फोनच्या काचेवर ताईचा नवा निरोप उजळला. अण्णा क्षणभर थांबले, कानावर हात ठेवला.

"ताई आहे वाटतं," ते म्हणाले. "तिला कळव, अण्णा बोलतायत. अजून बरंच राहिलंय."