घराणं पाहिलं, जावई राहिला

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. माझ्या पोटात अमाइन नावाचं रसायन आहे. झाकण उघडलं की नासक्या मासळीसारखा वास सुटतो आणि माणसं नाक दाबून माझ्याकडे बघतात, जणू मीच काही केलंय! असू द्या. मित्रांनो, वास कसाही असला तरी या प्रयोगशाळेत माझा मान मोठा होता.

माझ्यातल्या अमाइनमध्ये अॅसिड मिसळलं की वास जातो आणि पांढरा क्षार बनतो. असे तीन क्षार माझ्याच फळीवर बसलेत. प्रत्येकाला वेगळं तपासायचं तर वर्षं जातात, म्हणून इथे सारख्या रसायनांचा गट करतात, एकाची कसून तपासणी करतात आणि तोच निकाल सगळ्यांना लावतात. आमच्या गटात तपासली गेले मी. पाण्यात मिसळल्यावर कातडीला सौम्य, असा निकाल लागला. काय कौतुक झालं म्हणून सांगू! साहेब पाहुण्यांना मला हातात धरून दाखवायचे.

मला मात्र तेव्हापासून चैन नाही. दुसऱ्याच्या वागण्याची हमी आपल्या नावावर, म्हणजे जिवाला घोरच की.

मग चौथा क्षार आला, कपडे धुण्याच्या पावडरीत घालायला. आमच्या तपासनीस बाईंनी सही केली की माल धुलाई कारखान्यात जाणार. तिथे बाईंची थोरली जाऊ दिवसभर उघड्या हातांनी कपडे पिळते.

"करा सही, बाई," साहेब म्हणाले. "एकाच घरातली लेकरं. शितावरून भाताची परीक्षा!"

"एकाच पातेल्यातला असेल तर, साहेब."

बाईंनी पेन उघडलं. मी आतल्या आत कासावीस झाले. अहो, थांबा ना! पण बाटलीला कुठलं आलंय तोंड? तेवढ्यात बाईंनी चौथ्याची बाटली फिरवून बघितली.

"यात अॅसिड वेगळंच आहे."

"असेना! अमाइन तर आपलंच आहे."

"म्हणजे मुलीचं घराणं पाहिलं आणि जावई पाहिलाच नाही. पाण्यात पडले की अमाइन आणि अॅसिड, दोघं सुटे होतात, साहेब. हाताला दोघंही लागणार."

साहेब चिडले, माल खोळंबला म्हणाले. बाई हटल्या नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कातडीच्या तुकड्यावर त्यांनी चौथ्याचं पाणी टाकलं. तुकडा मेला. माझ्या पाण्यातला शेजारचा तुकडा धडधाकट होता.

मी सुटकेचा श्वास घेणार, तर बाई फळीवरच्या जुन्या तिघांकडे बघत होत्या. त्यांचीही अॅसिडं निरनिराळी होती. तिघंही माझ्याच निकालावर पास झाले होते. त्यांतला एक त्या धुलाईच्या पावडरीत कधीपासून जातोय.

बाईंनी फोन लावला. "वहिनी, हातातलं काम आधी टाका. नाही, नंतर नाही, आत्ता. हात धुवा आणि मला सांगा, तळव्यांची आग होते का?"

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. बाईंनी मात्र डोळे मिटले.

मित्रांनो, माझं नाव चांगलं आहे, पण ते कोणाला उसनं देऊ नका. देण्याआधी त्याच्या सोबत कोण आलंय, तेवढं बघा. हात माणसांचे भाजतात हो!