दहा कोटीला एक्याऐंशी कमी

तालुक्याच्या गणित स्पर्धेतला शेवटचा प्रश्न अपेक्षा मॅडमनी स्वतः काढला होता. ९,९९,९९,९१९ ही संख्या मूळ की संयुक्त? संयुक्त असल्यास मूळ अवयव लिहा. दोनशे अकरा मुलांपैकी बहुतेकांनी ‘मूळ’ लिहून प्रश्न सोडून दिला होता. एकाच उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तर होतं: ९७ × १०३ × १०००९. पायऱ्या नाहीत, खाडाखोड नाही.

ती तेजलची होती. लोहगडवाडीची ही मुलगी लोणावळ्यात मॅडमच्याच शाळेत दहावीला होती. वर्गात तोंड उघडत नसे, सहामाहीत गणितात एक्केचाळीस गुण. आणि शाळेच्या ज्या कपाटात स्पर्धेच्या प्रश्नपत्रिका होत्या, त्याची किल्ली शिपाई अंबाजींकडे होती. ते तिचे सख्खे चुलते.

मॅडमनी कुणाला विचारलं नाही. प्रश्नपत्रिकांचं रिकामं पाकीट त्यांनी उजेडात धरलं. फोडून पुन्हा चिकटवल्यासारखा डिंकाचा एक ओघळ दिसला, तेवढा त्यांना पुरला. मुख्याध्यापकांना सांगून निकाल थांबवला, किल्ली मागून घेतली. अंबाजींनी ती टेबलावर ठेवली आणि कारण विचारलं नाही. त्या न विचारण्याचाही मॅडमनी तोच अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेजलला स्टाफरूममध्ये बसवलं आणि मनाला येईल ती संख्या लिहून दिली: ४,७३,८५,०६१. चाळीस मिनिटांनी कागदावर दोन खोडलेल्या ओळी होत्या.

“ही मला नाही येत, मॅडम.”

“मग ती कशी आली?” मॅडमनी विचारलं. संशय खरा ठरल्याचं त्यांना समाधानच वाटलं.

“ती दहा कोटीला एक्याऐंशी कमी होती ना. दहा कोटी म्हणजे दहा हजाराचा वर्ग, एक्याऐंशी नवाचा. म्हणून एकदा नऊ वजा, एकदा नऊ मिळवून, ९९९१ गुणिले १०००९. मग ९९९१ पण तसंच, दहा हजाराला नऊ कमी, म्हणून ९७ गुणिले १०३. ह्या संख्येजवळ असा वर्ग सापडत नाही.”

मॅडमनी गुणाकार करून बघितला. तरी म्हणाल्या, “आणि १०००९ पुढे फुटत नाही, हे कशावरून?”

“शंभरापर्यंतच्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून बघितलं. कच्च्या कागदावर.”

कच्चे कागद रद्दीच्या पोत्यात गेले होते. शाळा सुटल्यावर मॅडमनी ते पोतं उपसलं. दीड तासाने तेजलचा बैठक क्रमांक असलेला कागद हाती आला. त्यावर पंचवीस भागाकार होते. त्रेपन्नचा चुकला होता, तो खोडून पुन्हा केलेला.

रविवारी त्या लोहगडवाडीला गेल्या. अंबाजींनी खुर्ची दिली, चहा सांगितला. चूक झाली, असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

“एकदा इचारलं आसतं, मॅडम. आमी न्हाई म्हनलो आसतो, तुमाला ते पटलं नसतं. पर इचारलं तरी आसतं.”



सोमवारी निकाल लागला. तेजल पहिली आली. त्याच आठवड्यात अंबाजींनी संस्थेच्या वडगावच्या शाळेत बदली मागितली. घराला जवळ पडतं, असं कारण दिलं. वडगाव त्यांना दुप्पट लांब होतं. मुख्याध्यापकांनी अर्जावर सही केली आणि मॅडमकडे बघितलं नाही.